गढीतला वळू

थर्लबींच्या रानात जुन्या गढीच्या तीन भिंती अजून उभ्या आहेत. चौथीच्या जागी फाटक ठोकून एमस थर्लबी तिथं आपला वळू कोंडायचा. स्वतः आत शिरला की वळूला आधी साखळीचे दोन-चार फटके. "मालक कोण ते कळलं पाहिजे," म्हणायचा.

त्याची थोरली बहीण डॉर्कस म्हणायची, "कळलंय त्याला. म्हणूनच मला भीती वाटते."

नोव्हेंबरात मी शेजारच्या रानात बीट उपटत होतो, तेव्हा एमसची किंकाळी ऐकू आली. कबुतरं मारायला आणलेली दुनळी बंदूक उचलून मी धावलो. वळूनं त्याला कोपऱ्यात भिंतीशी चेपलं होतं. डोकं मागं घेऊन तो पुन्हा पुन्हा धडक देत होता आणि बरगड्या मोडल्याचं मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं. बंदूक रोखली, पण दोघं असे एकमेकांत गुंतलेले की गोळी कुणाला लागेल सांगता येईना.

"मार की, सायलस!" एमस रक्त थुंकत ओरडला. "बघत काय बसलायस?"

तेवढ्यात किंकाळी ऐकून आलेली डॉर्कस भिंतीच्या पोटातल्या जिन्यानं वर गेली. वरच्या मजल्याची जमीन कधीच ढासळलेली. तिथला शेकोटीचा कोनाडा तेवढा भिंतीत अधांतरी उरलेला, बरोबर एमसच्या डोक्यावर. साठीची बाई त्या कोनाड्यात रांगत शिरली आणि कडेचा सुटा दगड तिनं पायानं ढकलला.

तो एमसच्या मांडीवर पडला. हाड काडीसारखं मोडलं.

"अगं बये, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"तोंड मिट आणि भिंतीला चिकट!"

दुसरा दगड वळूच्या कपाळावर बसला. त्याचे पुढचे गुडघे टेकले. मी फाटकावरून उडी टाकली, कानामागं नळी टेकवली आणि दोन्ही बार काढले. गरम रक्त माझ्या तोंडावर उडालं. तरी तो बराच वेळ पाय झाडत होता.

डॉर्कस खाली आली. आधी ती वळूपाशी बसली, त्याच्या मानेवर साखळीनं सोललेली कातडी चाचपत. मग भावाकडे वळली.

"जगशील?"

"दुसरा दगड आधी टाकायचा होतास," एमस कण्हला.

"मला दोन्ही टाकायचे होते," ती म्हणाली, आणि कमरेच्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायला लागली. मी दार काढून आणायला घराकडे पळालो, त्याला त्यावर निजवून न्यायला.