देवाची पट्टी

चांदवडच्या डोंगराखालच्या त्या गावात कुरणाचा एक कायदा होता, आणि तो कुठल्याच कागदावर नव्हता. नागपंचमीला कुरण बंद व्हायचं. वसुबारसेला गाईच्या तोंडी पहिली पेंढी गेली की मगच गावाचे विळे चालायचे. तेव्हाही वरच्या अंगाला, म्हसोबाच्या दगडापाशी, गवताची एक लांब पट्टी उभीच ठेवायची. ती देवाची. तिला विळा लावायचा नाही, तिथं ढोर सोडायचं नाही. त्या पट्टीतलं पवन्या गवत पिकायचं, वाळायचं, बी झडायचं. वारा ते उतारावर पसरायचा आणि पुढच्या साली डोंगर पुन्हा अंगभर पांघरूण घ्यायचा.

देवाला गवत कशाला लागतं, असं पोरं विचारायची. कुरणाचा राखणदार झुंबर म्हणायचा, "देवाला नाय लागत रे. डोंगराला लागतं. पण डोंगराचं नाव सांगितलं तर कोण ऐकतो?"

बहात्तरच्या दुष्काळात या कायद्याची परीक्षा झाली. माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. डोंगर खरवडून झाला. आदल्या सालची ती पट्टी तेवढी पिवळी उभी होती. एका दुपारी झुंबरची बायको धोंडाबाई विळा घेऊन वर चढली. गोठ्यात कपिली गाय सकाळपासून उठली नव्हती.

"एक भारा द्या," ती म्हणाली. "आपल्या गाईपुरता."

"आपल्या गाईला दिला की रंगनाथच्या बैलाला का नाय? मग समद्यांनाच द्यावा लागंल."

"समद्यांचं कशाला सांगता? मी तुमची बायको हाय."

"म्हणूनच नाय."

धोंडाबाई खाली उतरली. कपिली गेली. तिला ओढून नेताना धोंडाबाईनं एकदाच डोंगराकडं पाहिलं. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. पण नंतर दावणीला आलेल्या कुठल्याच गाईला तिनं नाव ठेवलं नाही.

पुढच्या साली पाऊस पडला. शेजारच्या गावांच्या डोंगरावर नुसती कुसळी उगवली, जिची टोकं ढोरांच्या ओठांत घुसतात. या गावात मात्र पवन्या गुडघ्याला लागला. लोक झुंबरच्या पाया पडले. कपिलीबद्दल कोणी बोललं नाही.

दुष्काळाला जे जमलं नाही ते सुकाळानं केलं. वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या, कांद्यानं गावाला पैसा दाखवला. सगळ्यांनाच जमीन कमी वाटू लागली. रंगनाथ आता सरपंच झाला होता. त्यानं मारुतीच्या पारावर बैठक घेतली आणि कुरणाचे तुकडे पाडायचं काढलं.

"माती वीतभर हाय," झुंबर म्हणाला. "गवताच्या मुळ्यांनी ती धरून ठेवलीय. मुळ्या उपटल्या की माती खाली जाणार."

"खाली आपलंच रान हाय, तात्या. घरातली माती घरातच राहील," रंगनाथ म्हणाला. पार हसला. "आन् गवत खायला ढोरं किती राहिलीत आता? ट्रॅक्टरला पेंढी चारायची का?"

पार पुन्हा हसला. त्यात झुंबरचा पोरगा वाल्मीकही होता.

चिठ्ठ्या टाकल्या. देवाची पट्टी नेमकी वाल्मीकच्या वाट्याला आली.

"आबा, मी नाय नांगरली तर दुसरा नांगरंल," तो घरी म्हणाला. "मग मीच का नको?"

वाल्मीकनं बापाचा मान राखला. म्हसोबाचा दगड तेवढा सोडून भोवतीनं ट्रॅक्टर फिरवला.

पहिली दोन सालं कांदा झाला. मग पाऊसच बदलला. पूर्वी तो रिमझिमत मुरायचा. आता एका दुपारी कोसळायचा आणि नंतर आठवडेच्या आठवडे फिरकायचा नाही. धरायला मुळ्या नव्हत्या. माती ओढ्यात गेली, ओढ्यातून नदीत. रंगनाथच्या रानात थांबली नाही. उतारावर मुरूम उघडा पडला आणि त्यात ढोर तोंड लावत नाही असा तरवटा माजला.

शहाऐंशीला पाऊस पोळ्यालाच उघडला. कांदा नाही आणि गवतही नाही. रंगनाथ झुंबरच्या ओट्यावर येऊन बसला.

"तात्या, पुन्हा कुरण धरू. तुमची राखण, तुमचाच कायदा. कोणी तोंड वर करणार नाय."

"कायदा मला पाठ हाय," झुंबर म्हणाला. "बी कुठून आणू?"

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सुरगाण्याकडच्या डोंगरातून चाऱ्याचा ट्रक आला. गर्दीतून वाट काढत झुंबर पुढं गेला. गवत पवन्याच होतं. किती तरी वर्षांनी त्याचा चेहरा उजळला. त्यानं एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली. नुसतं फोल उडालं. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. सगळं पोकळ.

"हिरवंच कापलं का रे?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"मग काय बाबा. पाऊस तिकडंबी लवकर उघडला. वाळायच्या आत कापून घेतलं. मागणी लय हाय."

"थोडी पट्टी उभी ठेवली असंल ना?"

"कसली पट्टी?" ड्रायव्हर म्हणाला.

झुंबरच्या वाट्याला एक भारा आला. तो त्यानं घरी आणला, पण गोठ्यात नेला नाही. ओसरीवर बसून एकेक काडी वेगळी करून पाहत राहिला. एखादं तरी पिकलेलं कणीस चुकून आलं असेल. दिवे लागायची वेळ झाली. दावणीची बिननावाची गाय वास घेऊन हंबरत होती.

धोंडाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"सापडलं का?"

"नाय."

"एकबी बी नाय ना त्यात?"

झुंबरनं मान हलवली. धोंडाबाई खाली वाकली आणि त्याच्या मांडीवरचा भारा तिनं दोन्ही हातांनी उचलला.

"मग द्या इकडं," ती म्हणाली. "ह्या गाईला तरी खाऊ द्या."