एका शब्दाची फेरी

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे चिठ्ठ्यांचा खेळ रंगायचा. खेळायला आम्ही चौघं. मी, माझा नवरा, माझी मैत्रीण चिमणी आणि तिचा नवरा. चिमणी हे तिचं शाळेतलं नाव. अंगानं एवढीशी आणि चिवचिव दिवसभर चालू, म्हणून वर्गात कुणीतरी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिचा नवरा गुरांचा डॉक्टर. त्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणायचे, चिमणीसुद्धा. माझं चष्म्यांचं दुकान आहे, मागच्या खोलीत मी डोळे तपासते. माझा नवरा जुनी घरं दुरुस्त करून द्यायचा. भिंती पाडणं, फरशा उखडणं, नवीन खिडक्या बसवणं. त्याच्या केसांत कायम सिमेंट असायचं.

त्या शनिवारी वरच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदाच खेळायला आल्या. निवृत्त बाई, घरात एकट्या. जिन्यात आमचं हसणं ऐकू येतं म्हणाल्या, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "नुसतं ऐकता काय, या की खाली."

काकूंना खेळ समजावण्याचं काम चिमणीनं अंगावर घेतलं. सोफ्यावर मांडी घालून बसली आणि बोटांवर मोजायला लागली.

"हे बघा काकू, प्रत्येकानं पाच चिठ्ठ्या लिहायच्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. सगळ्या घड्या करून या वाडग्यात टाकायच्या. मग दोन संघ. एकानं चिठ्ठी उचलायची आणि आपल्या संघाला तो शब्द ओळखायला लावायचा. पहिल्या फेरीत हवं तेवढं बोला, फक्त तो शब्द तोंडातून निघता कामा नये. चिठ्ठ्या संपल्या की त्याच चिठ्ठ्या परत वाडग्यात."

"त्याच परत?" काकूंनी विचारलं. "मग ते सगळ्यांना ठाऊकच असणार."

"तीच तर मजा आहे. दुसऱ्या फेरीत एकच शब्द बोलायचा. एकच, बरं का. आणि तिसऱ्या फेरीत तोंडाला कुलूप, नुसते हातवारे."

"हिला तिसरी फेरी फार जड जाते," डॉक्टर म्हणाले.

आम्ही पाच जण, म्हणून संघ सोडत काढून पाडले. एकीकडे मी, डॉक्टर आणि काकू. दुसरीकडे माझा नवरा आणि चिमणी. "दोघंच आहेत, बिचारे हरणार," काकू म्हणाल्या. मी वाळूचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि आम्ही सुरू केलं.

पहिली फेरी धमाल झाली. काकूंनी चिठ्ठ्यांवर घरगुती शब्द लिहिले होते. चाळणी, शिडी, उंबरठा, असले. 'शिडी' मला आली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, "भिंतीला टेकवायची आणि चढायचं," आणि त्यांनी पटकन ओळखलं. एरवी डॉक्टर या खेळात मठ्ठ. त्यांना 'शाई' आली तर त्यांनी पेनाचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला, वाळू संपली तरी काकूंना कळेना. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग दुसरी फेरी. चिमणीची पाळी आली. तिनं चिठ्ठी उघडली, वाचली आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "निळी."

"शिडी," तो म्हणाला.

तिचा शब्द पुरा होतो न होतो तोच म्हणाला. चिमणीनं चिठ्ठी बाजूला टाकली आणि पुढची उचलली. वाळू संपेपर्यंत त्यांनी आणखी दोन ओळखल्या. मग डॉक्टर उठले, वाडग्यात हात घातला, चिठ्ठी वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "दौत."

"शाई," काकू म्हणाल्या. आणि मग अगदी सहज, मान कलती करून, "मघाशी निळी म्हटल्यावर मला वाटलं होतं शाईच असणार. शिडी कुठे निळी असते?"

माझा नवरा पाण्याचा ग्लास उचलायला वाकला. चिमणी म्हणाली, "पहिल्या फेरीत कुणीतरी म्हणालं होतं ना, निळी."

कुणी म्हणालं नव्हतं. पहिल्या फेरीत शिडी माझ्याकडे होती, आणि मी काय बोलले ते मला माहीत होतं. मी चिमणीकडे बघितलं. ती चिठ्ठ्यांच्या घड्या नीट करत होती. शाळेपासून मी तिला ओळखत होते. खोटं बोलली की तिचे हात काहीतरी आवरायला लागतात.

"यांचं जमतं बुवा," डॉक्टर हसत म्हणाले. "आम्ही आपले ढ."

तिसऱ्या फेरीत मला 'समुद्र' आला. हातांनी लाटा करून दाखवायच्या, याहून सोपं काय असतं? मी उभी राहिले आणि माझे हात उचलेनात. काकू म्हणाल्या, "उशी? झोप?" डॉक्टर म्हणाले, "ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. खेळ तिथेच थांबला. निघताना चिमणीनं मला नेहमीसारखी मिठी मारली नाही, लांबूनच हात केला.

रविवार मी स्वतःची समजूत घालण्यात घालवला. एका शब्दावरून कुणी घर मोडतं का? सुचलं असेल त्याला. माणसाला काहीही सुचतं. पण आमच्या घरची शिडी ॲल्युमिनियमची होती, आणि चिमणीकडे शिडीच नव्हती, ती बल्ब बदलायलासुद्धा आमची न्यायची. मग जी निळी शिडी या दोघांना ठाऊक होती आणि मला नव्हती, ती होती कुठे?

सोमवारी दुपारी दुकान बंद करून मी नवऱ्याच्या कामावर गेले. तेव्हा त्याच्याकडे एका रिकाम्या घराचं काम होतं. मालक परगावी, किल्ली याच्याकडे. नवरा सामान आणायला बाहेर गेला होता. सुतारानं दार उघडलं, मला बघून रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, "या ताई. सांभाळून, खिळे पडलेत."

पुढच्या खोलीत काही नव्हतं. उघड्या विटा, सिमेंटची पोती, आणि खिडकीखाली एक लाकडी घडीची शिडी. कुणीतरी कधीतरी रंगाचा उरलेला डबा तिच्यावर फासून टाकला असावा, वरपासून खालपर्यंत निळी. वरच्या पायरीवर एक उशी ठेवलेली होती. सोफ्यावरची लहान उशी. तिची जोडीची उशी चिमणीच्या दिवाणखान्यात होती. ती जोडी मीच तिला दिलेली.

"बसायला काही नाही बघा इथे," सुतार ओशाळून म्हणाला. "त्या दुसऱ्या ताई येतात, त्यापण या शिडीवरच बसतात. खाली धूळ असते ना सगळी."

मी म्हटलं, "असू दे. मी बसायला आले नव्हते."

तिथून घरापर्यंत मी चालत आले. रस्त्यात काय बघितलं ते काही आठवत नाही. एवढंच आठवतं की एका बेकरीसमोर मी बराच वेळ उभी होते आणि आतला माणूस विचारत होता, काय देऊ.

संध्याकाळी नवरा आला. हात धुतले, टॉवेल घेतला. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते.

"मी आज ती शिडी बघून आले," मी म्हटलं.

तो टॉवेल हातात धरून उभा राहिला. कुठली शिडी, असं त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडायला तरी काही मिळालं असतं. त्यानं विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि समोर बसला.

"मी सांगणार होतो."

"कधी?"

"माहीत नाही."

"ती का?" मी विचारलं. "एवढ्या मोठ्या जगात तुला तीच का सापडली?"

त्यानं टॉवेल टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तिच्याशी बोलताना पूर्ण वाक्य बोलावं लागत नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. कारण ते मला माहीत होतं. चिमणी तशीच होती. शाळेत बाकाखालून तिनं नुसता गुडघा दाबला तरी तिला काय म्हणायचंय ते मला कळायचं. माझी आई गेली तेव्हा मी दारात उभी होते, तिनं मला काही विचारलं नाही, सरळ आत जाऊन चूल पेटवली. तो मला नवीन काय सांगत होता? माझ्याच घरातलं चोरून मलाच दाखवत होता.

"माझ्याशी बोलायला वाक्यं लागायची का तुला?" मी विचारलं.

"तू दमलेली असायचीस," तो म्हणाला. "मीपण असायचो. किराणा, वीज, दुकान. दुसरं बोलतच नव्हतो आपण."

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते मला आजही बोचतं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या भावाकडे राहायला गेला. मी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. चिमणी दोनदा दाराशी आली. मी आतून तिचा आवाज ऐकत होते. "अगं, उघड ना. मला शिव्या दे, पण उघड." मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते. मधे एक लाकडाची फळी, एवढंच. तिचं नाक ओढणंसुद्धा ऐकू येत होतं. मला तिच्यावर ओरडायचं नव्हतं. मला तिच्याच गळ्यात पडून रडायचं होतं, नवऱ्यानं असं केलं म्हणून. आणि ते कसं करणार? मी उठले नाही. काही वेळानं जिन्यात तिची पावलं वाजली आणि खाली गेली.

डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

ते पुढच्या आठवड्यात दुकानात आले. औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणाले. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि दिवा बंद केला. समोर उजेडात तेवढी अक्षरांची पाटी.

"खालून दुसरी ओळ वाचा."

त्यांनी वाचली. मी भिंग बदललं. "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?"

"मघाशी," ते म्हणाले. आणि मग, "ताई, एक विचारू? ती जेवत नाहीये. रडते. मी विचारलं तर म्हणते, काही नाही. शनिवारपासून तुम्हीही आला नाहीत, तुमच्या यजमानांचा फोन लागत नाही. माझं काही चुकलं का? मी त्या दिवशी थट्टेत काही बोललो का?"

मी ठरवलं होतं की मी सांगायचं नाही. ते चिमणीचं काम आहे, तिनं निस्तरावं. पण तो भला माणूस त्या लोखंडी फ्रेमआडून माझ्याकडे बघत स्वतःची चूक शोधत होता. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू बाहेर काढणारा माणूस. त्याला कुणी फसवू शकतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"तुमचं काही चुकलं नाही, डॉक्टर," मी म्हटलं. आणि सांगितलं. थोडक्यात सांगितलं. सांगायला फारसे शब्द लागले नाहीत.

संपल्यावर डॉक्टर फक्त म्हणाले, "दिवा लगेच लावू नका."

मी लावला नाही. आम्ही दोघं तिथे अंधारात बसलो. बाहेर दुकानाची घंटा वाजली, कुणी गिऱ्हाईक आलं, वाट बघून गेलं. मला डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी हळूच फ्रेम काढली, पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्ही एकट्या होतात इतके दिवस."

त्या सगळ्या काळात मला असं म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

पुढे व्हायचं ते झालं. डॉक्टर आणि चिमणी यांनी गाव सोडलं. लांबच्या एका मोठ्या गोठ्यावर डॉक्टरांनी नोकरी धरली आणि तिला बरोबर नेलं. कसं नेलं, का नेलं, ते त्यांचं त्यांना माहीत. माझा नवरा काही महिन्यांनी परत राहायचं म्हणून आला. दारात उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं." मी त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि त्याचे हिवाळ्याचे कपडे पिशवीत भरून दिले. तो वाईट माणूस नव्हता. पण मला त्याची वाट बघायची सवय राहिली नव्हती.

नवरा गेला म्हणून सगळे मला विचारत. काकू वरून डबा आणून द्यायच्या, बहिणीनं महिनाभर ये म्हटलं, शेजारच्या दुकानदारानं कुलूप बदलून दिलं. चिमणी गेली, त्याबद्दल कुणी विचारलं नाही. उलट म्हणायचे, बरं झालं, ब्याद गेली. मी मान हलवायचे.

परवा एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. आदल्या आठवड्यात मीच त्यांना नवा चष्मा दिलेला, जुना ते दुकानातच ठेवून गेले होते. नवा चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाले, "बाई, जुना नंबर परत द्या. यातून आमची ही फार म्हातारी दिसते, आणि ती म्हणते तूच म्हातारा झालायस. दोघंही जुन्या नंबरात बरे होतो."

मी इतकी हसले की काउंटर धरावा लागला. आजोबाही हसले. आणि हसता हसता माझा हात आपोआप फोनकडे गेला. हे चिमणीला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, ती पोट धरून लोळेल, एवढंच डोक्यात होतं. फोन उघडला, तिच्या नावापाशी बोट गेलं.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि त्यांचा जुना चष्मा शोधायला खण उघडला.