खरपुडीची तीन फुलं

विश्वेशसाहेबांना फ्लॅशचा भारी तिटकारा. "फुलावर फ्लॅश मारणं म्हणजे झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांत बॅटरी मारणं," हे त्यांनी हरसूलच्या वाटेवर गाडीत तीनदा ऐकवलं. शेजारी रंगनाथ मान डोलवत होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यानं कॅमेरा घेतला, आणि साहेब तर शहरातल्या फुलांच्या छायाचित्र प्रदर्शनाचे परीक्षक. आपलाही एखादा फोटो तिथं लागावा, एवढ्या लोभापायी तो आज शब्द मोडायला निघाला होता.

शब्द भागीबाईला दिलेला. ती हरसूलकडच्या पाड्यावरची. डोंगराच्या उतारावर खरपुडीचा एकच वेल उरला होता, तो तिनं गेल्या वर्षी फक्त रंगनाथला दाखवला. खरपुडीचे कंद तिच्याकडे भाजून खातात. पण शेंग फुटून बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडाल्याशिवाय कंदाला कुणी हात लावत नाही.

"दोन सालं शेंगच नाय धरली," ती म्हणाली होती. "धरली तं पुन्हा येल व्हतील. कुणाला आणू नको, दादा."

यंदा वेलावर तीन फुलं होती. बोटभर लांब, बुडाशी फुगीर, वर कंदिलासारखी. आठच्या सुमाराला तिरपं ऊन आलं आणि फुलांच्या आतच उजेड लागला. विश्वेशसाहेब ओल्या गवतात पालथे पडले. पोट चिखलात, श्वास रोखलेला. मग उठून म्हणाले, "घ्या तुम्हीही, रंगनाथराव. हा उजेड विकत मिळत नाही."

रंगनाथनं चार फोटो काढले.

"झालं?"

"झालं."

साहेबांनी खिशातून नेलकटर काढलं. कट, कट, कट. तिन्ही फुलं खाली पडली आणि त्यांनी ती बुटाच्या टाचेनं चिरडली.

"अहो! हे काय केलंत?"

"उद्या ती मृण्मयी कॅमेरा घेऊन येईल, मागून आणखी दहाजण. सगळ्यांकडे हेच फूल असलं तर आपलं कोण बघतं? सगळेच करतात हो, बोलत नाहीत एवढंच." नेलकटर रुमालाला पुसून त्यांनी डबा उघडला. "घ्या, शंकरपाळी. घरची आहेत."

टाचेला पिवळट लगदा चिकटला होता. त्यात शंकरपाळ्यांचा तुपकट वास. रंगनाथच्या तोंडात ओकारीआधीचं पाणी भरलं. या माणसाला आता त्याच्यानं साहेब म्हणवेना.

तेवढ्यात विळा घेऊन भागीबाई वर आली.

"मावशी, शेळ्या सांभाळा जरा!" विश्वेश तोंडातला घास चावत म्हणाला. "फुलं खाऊन गेल्या बघा."

भागीबाई वाकली. देठांवरून तिनं बोट फिरवलं. "शेळी हिसका मारती, येल उपटती. हे लोखंडानं तोडलंय." तिनं वर पाहिलं ते रंगनाथकडे.

"गप्प बसा," विश्वेश त्याच्या कानाशी पुटपुटला. "तुमचा फोटो प्रदर्शनात दाराशीच लावतो."

दाराशी लावलेला फोटो, खाली आपलं नाव. रंगनाथला ते दिसलं, आणि क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची त्याला जी शिसारी आली, तशी त्या टाचेचीही आली नव्हती.

"यांनी तोडली, भागीबाई," तो म्हणाला. "आणि यांना आणलं मी."

"मूर्ख आहात," म्हणत विश्वेश डबा बंद करून गाडीकडे उतरला.

"त्याला काय बोलू?" भागीबाई म्हणाली. "त्यो मला वळखत नाय. तू वळखत व्हतास."

ती उंच गवत ओढून वेलावर झाकू लागली. रंगनाथ मदतीला वाकला.

"राहू दे. हात नको लावू."

"अजून कळी येईल का?"

"यील, नाय तं नाय यील," ती पाठमोरीच म्हणाली. "आली तरी तुला नाय सांगायची."