लुईसची बारीक रेघ

सुंदर अक्षर माणसाच्या मागे उरतं. लुईस लोपीस यांनी हे वाक्य वसईतल्या आपल्या छापखान्याच्या भिंतीवर स्वतः रंगवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि त्यातलं 'उरतं' तेवढं गेलं.

अक्षराचं वळणही त्यांचंच, सहा वर्षं खपून केलेलं. उभे दांडे खांबासारखे जाड, वरची रेघ केसाएवढी, तिच्या टोकांना मुंगीच्या पायाएवढ्या खुणा. लग्नपत्रिकेत ते शोभे. साड्यांच्या दुकानावर तर दुकानापेक्षा जास्त शोभे. खोकल्याच्या औषधाच्या लेबलावर ते एकदाच वापरलं. किती चमचे घ्यायचं ते कोणालाच वाचता आलं नाही.

१९९८ साली लुईस वारले. त्यांच्या पत्नी मार्थाबाई यांनी ठरवलं, कबरीवरचं नाव याच अक्षरात, पांढऱ्या संगमरवरावर.

कामणच्या प्रल्हाद पाथरवटाने नावाचा कागद डोळ्यांजवळ धरला. "बाई, ही वरची रेघ हाय का कागदाची घडी?"

"रेघ आहे. छिन्नी धरता येते ना?"

"येते की. पन इथलं खारं वारं नि पानी रेघ खातं. अक्षर जाड करा."

"जाड केलं तर ते लुईसचं कसं?"

"नि झिजून गेलं तर कोनाचं?"

बाईंनी आगाऊ पैसे मोजले. प्रल्हादने कोरलं. सुरेख कोरलं.

दोन पावसाळ्यांत रेघा गेल्या. उरले नुसते दांडे, कैद्याने भिंतीवर दिवस मोजावेत तसे. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की मार्थाबाई क्रोशाच्या सुईने शेवाळ काढत आणि कुंचल्याने रेघा भरत. रेघ जाड होई. मग ती रॉकेलने पुसून पुन्हा भरायची.

२००३च्या मे महिन्यात त्यांनी प्रल्हादला परत बोलावलं. तो बारा दिवस बसला. रेघ केसाएवढीच, पण चांगली खोल.

"आता नातवंडं म्हातारी होतील, ही हलायची नाय," तो म्हणाला. मार्थाबाई कबरीपाशी पहिल्यांदाच रडल्या.

पुढच्या रविवारी चर्चच्या कचेरीतला इग्नेशियस भेटला. "मार्थामावशी, दगड कधी नेताय?"

"कुठला दगड?"

"लुईस अंकलचा. पाच वर्षं झाली ना? ती रांग नव्या मयतांसाठी उकरायची आहे. जागा कुठे आहे मावशी, लोक मरायचे थांबतात का?"

"मला कोणी सांगितलं नाही."

"पत्रकात आहे की. दफनभूमीचे नियम, सातवा. अंकलनीच तर छापलं होतं."

पत्रक घरात होतं. त्याच अक्षरातलं, लुईसचं सर्वांत देखणं काम म्हणून मार्थाबाईंनीच ते आठ वर्षांपूर्वी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. येणारा प्रत्येक जण वाखाणायचा. त्यांनी चष्मा लावला, मग भिंग आणलं. सातव्या नियमाचे दांडे तेवढे स्पष्ट दिसत होते.

दगड आता घरामागच्या विहिरीपाशी आहे, पालथा. त्यावर कपडे धुतात.