दारापेक्षा मोठं टेबल

मी टेबल बोलतोय, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतलं. अख्खी इमारत मला ओळखते आणि हसतेही, कारण मी दारापेक्षा मोठा आहे.

माझा जन्म याच खोलीतला. दूर देशाहून बोटीने आलेल्या एका सुताराने पेट्यांच्या फळ्या जमवून मला इथेच जोडलं. त्याच्या बायकोने आधी मला पाहिलं, मग दार पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, उद्या घर बदललं तर हे काय खिडकीतून उडत जाणार?" सुतार मिशीतल्या मिशीत हसला.

पुढे त्यांना मोठं घर मिळालं. ते निघाले त्या सकाळी नवे भाडेकरू जिन्यात येऊन बसले होते. जवळ एक गाठोडं आणि एक तान्हं बाळ, बस्स. सुताराने त्यांच्याकडे पाहिलं. मग मला दाराशी नेऊन उगाच आडवंतिडवं केलं आणि हात झटकले. "नाही निघत. राहू दे इथंच." जिना उतरेपर्यंत बायको त्याच्या अकलेचे वाभाडे काढत होती. तेव्हापासून वेड्या सुताराची ही गोष्ट प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला ऐकवली जाते.

बिऱ्हाडं आली, गेली, मी आपला जागच्या जागी. माझ्यावर कणीक मळली गेली, टोप्या शिवल्या गेल्या, पोरांनी नव्या देशाची अक्षरं गिरवली. गावाकडचे पाहुणे आले की निम्मे माझ्यावर झोपायचे, निम्मे माझ्याखाली. वरचा घोरायला लागला की खालचा मला लाथ घालायचा, जसं काही मीच घोरतोय! आणि सामाईक नळावरच्या भांडणांमुळे चार भाषांतल्या शिव्या मला तोंडपाठ आहेत.

मग शिंप्याचं बिऱ्हाड आलं. शिंपीणबाईंचा माझ्यावर फार जीव. कापड बेतताना माझ्याशीच गप्पा मारायच्या. घर बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "टेबल घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

शिंप्याने दार मोजलं, मला मोजलं आणि सरळ करवत आणली. "मधोमध कापतो. तिकडे नेऊन जोडू." माझे चारही पाय लटपटले.

करवत टेकणार तोच बाईंच्या बोटातलं अंगुस्तान निसटून गडगडत माझ्याखाली गेलं. ते शोधायला त्या आत शिरल्या आणि ओरडल्या, "अहो, थांबा! याला खिळा नाहीच एकही. पाय लाकडी खुंट्यांवर बसवलेत." त्यांनी एक खुंटी उलट्या बाजूने ठोकली. ती सुटली आणि पाय हलू लागला. पाय काढले की मी कुशीवर वळून दारातून सहज निघालो असतो.

"म्हणजे त्या सुताराला हे ठाऊक होतं," बाई पुटपुटल्या. "मग सोडून का गेला?"

तेवढ्यात दारात नवी माणसं येऊन उभी राहिली. एक म्हातारा, एक ट्रंक आणि दिवस भरत आलेली त्याची सून. तिने मला पाहिलं आणि अडखळत विचारलं, "हे... इथे राहणार?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी खुंटी परत घट्ट ठोकली.

"राहणार गं बाई. दारातून निघतच नाही मेलं! बनवणारा सुतार अगदीच वेडा."

"अगं, पण आत्ताच तर तू..." शिंपी म्हणाला. बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

हल्ली माझ्यावर बाळाची दुपटी घड्या घालून ठेवलेली असतात. कधी या खोलीत आलात तर मला खुशाल हसा. फक्त वाकून खाली बघू नका.