उभ्यानं खाल्लेलं

“तुमची मुलगी रोज अर्धा डबा परत नेते. विचारलं तर म्हणते, भूकच नाही. जरा लक्ष द्या,” बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

“तुम्ही गाणी शिकवा, बाई. डब्याचं माझं मी बघते,” असं फटकन बोलून ती मुलीचा हात ओढत निघाली. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधून रक्त काढणारी ती. पोटच्या पोरीची भूक आता परक्यांनी सांगायची?

घरी सासूबाई टपलेल्याच. बाळंतपणाला पाच वर्षं झाली तरी तिच्या सुटलेल्या अंगावरून त्यांच्या जिभेला विसावा नव्हता. “सुतार बोलवायला हवा. दार अपुरं पडायला लागलंय.” नवरा पेपरात तोंड खुपसून हसला. या बोलण्यापायीच सहा महिन्यांपूर्वी तिनं स्वतःचं ताट घेणं बंद केलं होतं. मुलीनं टाकलेलं तेवढं ओट्याशी उभ्याउभ्या खायचं, डब्यात उरलेलंसुद्धा. ते काही जेवण नव्हे, असं तिनं मनाला पटवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मुलीला दवाखान्यात लस द्यायला नेलं. सिस्टरनं वजनकाटा पाहिला, जुना कागद पाहिला.

“दोन किलो उतरलीय. उपाशी ठेवता काय हो हिला?”

ती जळजळीत नजरेनं बघत आल्या वाटेनं परतली. संध्याकाळी पोरीपुढे ताट आदळलं. “सगळं संपवायचं. एक शीत उरलं तर बघ!”

“स्वतःचं वजन उतरेना, त्याचा राग लेकरावर?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुम्ही गप्प बसा!” लग्नाच्या सात वर्षांत ती पहिल्यांदाच ओरडली.

पोरगी हुंदके द्यायला लागली. भाताच्या मधोमध तिनं बोटानं रेघ ओढली होती. “पण हा तुझा आहे ना! मी सगळा खाल्ला तर तू काय खाणार?”

नवऱ्याचा पेपर खाली आला. सासूबाईंना मात्र तेवढ्यातही शब्द सापडला. “घ्या! आता पोरीनं आईला पोसायचं.”

तिनं स्वतःचं ताट काढलं, वाढून घेतलं आणि मुलीसमोर बसली. पहिला घास तोंडात घातला. पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिनं गिळल्यावर मगच पोरीनं रेघेपलीकडचा भात स्वतःकडे ओढला.

उरलंसुरलं उभ्यानं खाणारी एखादी तुमच्याही ओळखीत असेल. आज जेवायच्या वेळी तिच्याकडे डोकावून या. आणि तिच्या पोराचंही ताट बघा.