स्मृतिनाथाचं संजीवनी दूध

"नंबर सहा-शून्य-तीन-एक-चार! हवालदार हंबीरराव! मराठा पलटन!"

म्हातारा व्यासपीठावर टाचा जुळवून ओरडला आणि कारखान्याच्या मैदानावरची चार-पाच हजार माणसं एकदम उठून उभी राहिली. ऊस घेऊन आलेले गाडीवान बैल रांगेतच सोडून पळत आले होते. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. "स्मृतिनाथ महाराज की जय!" अशी आरोळी उठली, ती कारखान्याचा भोंगा झाला तरी थांबली नाही.

आठ दिवसांपूर्वी ह्याच व्यासपीठावर ह्याच हंबीररावांना चौघांनी उचलून आणलं होतं. मान टाकलेली, जीभ जड झालेली. नाव विचारलं तर हवेतून काहीतरी वेचल्यासारखी बोटं हलवत होते. आठ दिवस मठात राहून संजीवनी दूध प्यायले, आणि आज इटलीतल्या लढाईत आपल्या डाव्या हाताला कोण होता आणि उजव्या हाताला कोण, हे घडाघडा सांगत होते.

हे सगळं मी व्यासपीठावरच्या खुर्चीत बसून पाहिलं. कराडपासून चौदा मैलांवरच्या त्या गावात १९७८ साली मी सरकारी दवाखान्याचा डॉक्टर होतो. 'वार्धक्यामुळे संपूर्ण स्मृतिभ्रंश' असं प्रमाणपत्र हंबीररावांना मीच दिलं होतं. कारखान्याचे चेअरमन लालासाहेब यांनी ते कर्ण्यावरून दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी माझी पदवीसुद्धा वाचली.

मग महाराज बोलायला उठले. भगवी कफनी, वर पांढरा डॉक्टरी कोट आणि गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला स्टेथोस्कोप, असा त्यांचा अवतार होता.

"भक्तहो, मेंदूत बहात्तर हजार तारा आहेत. वय झालं की तारांवर गंज चढतो. गंज चढला की करंट थांबतो. अमेरिका थकली, रशिया थकला! आम्ही हिमालयात बारा वर्षं गंज उतरवण्याचं सायन्स शिकलो. आता इथं संशोधन केंद्र होणार. स्मृती-संजीवन संशोधन केंद्र!"

केंद्रासाठी कारखान्याची चाळीस एकर जमीन आणि शेतकऱ्यांच्या प्रत्येक टन उसामागे एक रुपया. पुढच्या रविवारी खास सर्वसाधारण सभेत ठराव होईल, असं लालासाहेबांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

त्याच कारखान्यात सात महिन्यांपूर्वी एक बाई संशोधनासाठी पैसे मागायला आल्या होत्या. शबाना मुजावर त्यांचं नाव. सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. एस.टी.नं आल्या होत्या, हातात टंकलिखित अर्ज होता. म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत काय बदलतं ते पाहायचं, त्यासाठी पिंजरे आणि सूक्ष्मदर्शक असे मिळून अकरा हजार रुपये हवे होते. कारखान्याच्या आरोग्य समितीवर मी होतो, म्हणून हजर होतो.

"बाई," लालासाहेब म्हणाले, "म्हातारपनी मानूस इसरनारच की. त्यात शोधायचं काय?"

"म्हातारे सगळेच होतात, साहेब. विसरत सगळे नाहीत," शबानाबाई म्हणाल्या. "नव्वदीच्या कितीतरी बायका नातवंडांची नावं तोंडपाठ सांगतात आणि साठीतला एखादा माणूस स्वतःचं दार ओळखत नाही. वय तेच काम दोघांवर करतं, मग एकाचाच मेंदू का ढासळतो? ते शोधायचंय."

"आन् मग औषध निघंल?"

"ते मी सांगू शकत नाही."

"उंदरास्नी पेंड घालायला अकरा हजार!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सगळ्यांत मीही होतो. अर्ज फेटाळला गेला आणि बाई पाचच्या गाडीनं परत गेल्या.

महाराजांच्या मेळाव्यानंतर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, हंबीररावांची सून हरणाबाई दवाखान्यात आली. तिचा नवरा सैन्यात, जम्मूला. घरात ती, दोन पोरी आणि हा सासरा. केसपेपर न काढताच ती माझ्या टेबलापुढं उभी राहिली.

"डाक्टर, आबांची आठवन गेली आसं सर्टिफिकीट तुमी कशावरनं दिलं?"

"का? तपासून दिलं."

"त्यांचा नंबर त्यांस्नी कवाच इसरला न्हवता. रोज सकाळी उठलं की परसात हुबं ऱ्हाऊन त्योच म्हनत्यात. इटलीची लढाई मला आबांपरीस जास्त पाठ झालीया. त्ये जेवल्यालं इसरत्यात. वाट इसरत्यात. मला इसरल्यात. पर मठात न्यायच्या आदल्या दिशीपतुर बोलत हुते की चांगलं!"

"नेलं कुणी?"

"लालासायबांनी. भावकीच हाय आमची. म्हनले, फुकाट बरं करत्यात. मला बी वाटलं, हुतील बरं." तिनं पदर खोचला. "दोन दिसांनी भाकरी घिऊन गेले. तर तोंड वाळून लाकूड झाल्यालं. डोळं सगळं काळंच. उजेड सोसंना. लगवी व्हईना. भितीवरच्या नसल्याल्या मुंग्या येचत हुते. तसंच्या तसं पयल्या सभंत नेलं. त्ये झाल्यावर सुदीवर आलं. आता सांगा, ही आठवन गेल्याली का काय?"

मी कपाट उघडून हंबीररावांचा कागद काढला. नाडी एकशे चोवीस. जीभ कोरडी. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. अक्षर माझंच होतं. लालासाहेबांची जीप दाराशी उभी होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि मी हे सगळं लिहून खाली 'वार्धक्यामुळे' असा शेरा मारून सही केली होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावं असं ते चित्र होतं. माणसाला धोत्रा घातला होता.

धोत्र्याचं बी थोडं पोटात गेलं की माणूस भ्रमिष्ट होतो, जास्त गेलं की मरतो. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला ते चार दिवस दुधातून पाजलं, सभेत मिरवलं आणि मग बंद केलं. विष उतरलं, तसे हंबीरराव जेवढे पूर्वी होते तेवढे परत आले. संजीवनी म्हणतात ती एवढीच होती. चढवायचं आणि उतरवायचं. आणि मधे माझी सही.

"आनि तिघास्नी नेलंय काल सांजच्याला," हरणाबाई म्हणाली. "रईवारच्या सभंसाठी. पलीकडल्या आळीची बनुबाई बी हाय त्यात. ऐंशीची म्हातारी."

मी तसाच उठलो. मठ म्हणजे कारखान्याचं जुनं अतिथिगृह. महाराजांना म्हणालो, "रविवारच्या प्रमाणपत्रासाठी तिघांचं रक्त तपासावं लागेल. दवाखान्यात ठेवून घेतो." प्रमाणपत्र म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"अवश्य! रिपोर्ट पक्का हवा, डॉक्टर. सायन्स आहे हे."

मी त्यांच्याशी बोलत होतो तेव्हा हरणाबाई मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली. तिथं सेवेला बायका असतच, तिला कुणी अडवलं नाही. तिनं तांब्याभर दूध पदराखाली घातलं.

बनुबाईची नाडी मोजवत नव्हती. लघवीसाठी नळी घालावी लागली. त्या तिघांना मी पाणी पाजलं, अंधाऱ्या खोलीत निजवलं, दुसरं काही दिलं नाही. गुरुवारी बनुबाई उठून बसली आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवू लागली.

मंगळवारी हरणाबाईला घेऊन मी सांगलीला गेलो होतो. शबानाबाईंनी आम्हाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मी त्या दिवशी हसलो होतो हे त्यांच्या लक्षात असावं, पण त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. त्यांनी दूध लिंबानं फाडलं, पाणी गाळून आटवलं आणि एक थेंब कॉलेजातल्या मांजराच्या डोळ्यात टाकला. अर्ध्या तासात त्या डोळ्याची बाहुली फुलून काळी गोल झाली. दुसरी होती तशीच राहिली.

"गावाला मांजराचं पटणार नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या डोळ्याचं पटेल," मी म्हणालो.

रविवारी सभेला मैदान फुलून गेलं. कार्यक्रमपत्रिकेत पहिलं काम माझंच होतं, नव्या तिघांची प्रमाणपत्रं वाचायचं. मी कर्ण्यापुढं उभा राहिलो, खिशातून बाटली काढली.

"वाचण्याआधी महाराजांच्या मठातल्या संजीवनी दुधाचा अर्क डाव्या डोळ्यात घालतो."

लोकांना वाटलं, डॉक्टरलाही भक्ती लागली. जयजयकार झाला. महाराज हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. सगळ्यांसमोर 'नको' म्हणायची सोय नव्हती. मी थेंब टाकला. "गुण यायला जरा वेळ लागतो. तोवर महाराजांनी बोलावं."

ते बोलले. बहात्तर हजार तारांच्या ब्याऐंशी हजार झाल्या, हिमालयातली बारा वर्षं अठरा झाली. दर दोन वाक्यांनी ते माझ्या डोळ्याकडं पाहत होते. मला डाव्या डोळ्यानं ऊन सोसेना, समोरची माणसं पांढऱ्या धुरात गेल्यासारखी दिसू लागली. तेव्हा मी उठलो.

"या. एकेकानं माझे डोळे बघा."

पहिला जोतीराम गाडीवान वर आला. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"आगागागा! ह्यो डोळा पार काळा झालाय की रं! दुसरा हाय तसाच हाय!"

मग मी माझा कागद वाचून दाखवला, नाडीपासून बाहुल्यांपर्यंत. धोत्रा काय करतो ते सांगितलं. बनुबाईला उभं केलं आणि तिला फक्त पाणी देऊन शुद्धीवर आणलं हे सांगितलं. "हंबीररावांना रोग लागला नव्हता तो लावला आणि काढून घेतला. जो रोग खरा होता, त्याला महाराजांनी हातही लावलेला नाही. आणि खोटं प्रमाणपत्र मी दिलं. ती माझी चूक आहे."

"पर नंबर?" लालासाहेब ओरडले. "पलटनीचा नंबर सांगितला त्यो?"

बायकांतून हरणाबाई उठली. हंबीररावांचा हात धरून ती पुढं आली.

"त्यो नंबर आबा रोजच सांगत्यात. तुमी कवा घरला आला आसता तर ऐकला आसता. महाराज, आबास्नी इचारा, ही बाई कोन? सोळा वरसं मी त्यांस्नी भाकरी वाढत्ये."

महाराज रुद्राक्षांची माळ ओढू लागले. शेवटी लालासाहेबांनीच विचारलं, "हंबीरतात्या, ही कोन हाय?"

हंबीररावांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग हात जोडले. "बाई, तुमी चांगल्या घरच्या दिसताय. कुठल्या गावच्या?"

हरणाबाईनं त्यांचा सुटलेला फेटा नीट केला.

"हितलीच हाय, आबा. चला, सावलीला बसू."

सांगलीहून सभेसाठी आलेल्या शबानाबाई तांब्या घेऊन महाराजांपुढं गेल्या. "आज सकाळीच मठातून आणलेलं दूध आहे. सगळ्यांदेखत दोन घोट घ्या."

"आज आमचा उपवास आहे."

"दूध चालतंय की उपासाला!" जोतीराम खालून ओरडला आणि मग जो गलका झाला तो फौजदार येईपर्यंत थांबला नाही. मठाच्या कोठीत धोत्र्याच्या बियांचं अर्धं पोतं सापडलं. स्मृतिनाथ महाराज जामिनावर सुटले आणि जतकडून कर्नाटकात उतरले. तिकडं नवं नाव घेतलं असेल.

ठराव बारगळला. गर्दी पांगत होती तेव्हा शबानाबाई कर्ण्यावर चार वाक्यं बोलल्या. एका जर्मन डॉक्टरानं सत्तर वर्षांपूर्वी अशा रोग्याच्या मेंदूत डाग पाहिले. ते का पडतात, वय वाढण्याशी त्यांचं नातं काय, कुणालाच नीट माहीत नाही. "माझ्याकडं औषध नाही," असंही त्या म्हणाल्या. हे ऐकताच उरलेली माणसंही उठली. खोट्या औषधासाठी तीन तास उन्हात उभी राहिलेली हीच माणसं होती. मला त्या दिवशी महाराजांइतकाच त्यांचाही राग आला.

"मुजावरबाईंचा अर्ज पुन्यांदा इचारात घ्या," असं जोतीरामनं सुचवलं. लालासाहेब वेळ संपली म्हणाले. दीड वर्षानं कारखान्यानं चार हजार दिले. त्यात पिंजरे झाले, सूक्ष्मदर्शक झाला नाही. हंबीरराव त्याआधीच गेले. शेवटच्या महिन्यात नंबरही गेला होता. हरणाबाईला त्यांनी अखेरपर्यंत ओळखलं नाही, पण भाकरी तिच्याच हातून खाल्ली.

वाचकहो, तुमच्या घरात असं माणूस असेल तर त्याला कुणी झपाटलेलं नाही आणि त्याच्यावर करणीही नाही. 'वय झालं' एवढं म्हणून सोडूनही देऊ नका, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरनं माझ्यासारखी घाईनं सही केली तर त्याला हरणाबाईसारखं 'कशावरनं?' म्हणून विचारा. आठ दिवसांत बरं करतो म्हणणाऱ्याला तुमचं माणूस देऊ नका आणि पैसेही देऊ नका. आणि गावात कुणी बाई उंदीर पाळायला चार पैसे मागत आली, मला अजून माहीत नाही म्हणाली, तर हसू नका. तिला बसायला खुर्ची द्या आणि तिचा अर्ज शेवटपर्यंत वाचा.